उणिवांचा रकाना

फाईल गुलाबी आहे.
कायम करायच्या माणसाची फाईल आमच्याकडे गुलाबीच असते,
कुणी ठरवलं, माहीत नाही.
वर टंकलेलं : रोहिदास काशिनाथ भोये,
सहाय्यक प्राध्यापक, गणित,
परिविक्षा कालावधी चोवीस महिने.
सोमवारपर्यंत माझा शेरा हवा.

त्याआधीची सात वर्षं फाईलमध्ये नाहीत.
सकाळी दिंडोरी, दुपारी ओझर, तासिका तत्त्वावर,
मार्चनंतर काहीच नाही,
मे महिन्यात अंबडच्या एका कंपनीत खोकी मोजणं.
हे मला त्याने सांगितलेलं नाही.
आमचा शिपाई जगन सांगतो असं सगळं,
चहाबरोबर, न विचारता.

मंगळवारी मी त्याच्या तासाला मागच्या बाकावर बसले,
नियमाप्रमाणे, आगाऊ न कळवता.
सातपूरचा भोंगा खिडकीतून आला, गेला.
दुसऱ्या वर्षाची एकतीस मुलं,
कुणाच्या तरी डब्यातला लसणाचा वास,
आणि फळ्यावर एक समाकल पायरी-पायरीने उतरत असताना
चौथ्या ओळीत त्याच्या हातून चिन्ह सुटलं.

मी पेनाचं टोपण काढलं.
हाताला सवय आहे, तो मला विचारत नाही.

तो पुढे गेला. पाचवी ओळ, सहावी.
उत्तर आलं, दिसायला देखणं, साफ चुकीचं.
तेव्हा तिसऱ्या बाकावरून वडाळ्याची सायमा
अर्धवट उठत म्हणाली,
"सर, वरती उणे राहिलंय."

मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली.
तो नाही बघितला माझ्याकडे.
विहिरीत पडलेली बादली बघावी
तसा फळ्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "राहिलंय खरं.
कुठून राहिलं, ते तू शोध."
खडू तिला दिला
आणि जाऊन बसला तिच्याच बाकावर, तिच्या डब्याशेजारी.

तीही चुकली. मग मागचा एक लांबुडका मुलगा उठला,
मग आणखी दोघं.
तास संपल्याची घंटा झाली, कुणी वह्या मिटल्या नाहीत.
टोपण मी परत लावलं होतं.
केव्हा, ते आठवत नाही.

त्र्याण्णव साली याच मजल्यावर
माझंही एक चिन्ह सुटलं होतं.
धनंजय नावाचा मुलगा म्हणाला, "मॅडम, पण..."
मी म्हणाले, "खाली बस."
तो बसला. वर्षभर बसलेलाच राहिला.
मागच्या बाकावरून कुलथे सरांनी लिहिलं :
वर्गावर उत्तम पकड.
मी कायम झाले.

काल रात्री सचिवांचा फोन आला.
"घाई नको मॅडम, वर्षभर वाढवता येतं.
निफाडच्या आपल्या संचालकांची सून, गणितातच एम.एस्सी.,
घरीच असते बिचारी.
तुम्ही फक्त उणिवांचा रकाना नीट भरा.
बाकी आम्ही बघू."

रामवाडीच्या पुलावर मी गाडी बाजूला घेतली.
खाली पाणवेलींनी गोदावरी इतकी झाकलेली
की चालत पलीकडे जाता येईलसं वाटावं.
चौथी ओळ लिहावी का?
लिहिली तर खरं होईल.
आणि ते खरं सोमवारच्या बैठकीत
कुणाच्या हातात कसं धरलं जाईल,
तेही मला पाठ आहे.

घरी येऊन गुण भरले.
विषयज्ञान, दहापैकी आठ.
वर्गनियंत्रण : इथे बराच वेळ गेला. शेवटी दहा.
शिफारस : कायम करावे.

उणिवांच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.
कार्यालयात तिला निरंक म्हणतात.
सायमाने पाहिली असती तर
तिने वेगळं वाचलं असतं.